फोनला सांगितलेलं

हिमाचल, बोगद्याचा कॅम्प
२४ नोव्हेंबर २०२४

पूजाताई,

तुझ्या अन् दाजींच्या पाया इथूनच पडतो. मी सुखरूप पोचलो. पोचून पंधरा दिवस झाले, पन कागद आनायला खाली बाजारात उतरावं लागतं अन् जीप फक्त रविवारी जाते. कॅम्पात रेंज न्हाई. मेसमधे एक फोन हाय, रविवारी त्याच्यापुढं साठ मानसांची रांग. आईशी चार मिनिटं बोलून झालं की मागचा खांद्यावर हात ठेवतो. म्हनून तुला पत्र लिवतो. सातवीनंतर एवढं कधी लिवलं न्हाई, हसायचं आसंल तर हस.

टच मोबाईल आईला देऊन आलो ते तुला कळलंच आसंल. इथं तो नुसता खिशात. बोगद्यात न्यायची बंदी, वर रेंज न्हाई. दिवाळीचे चार दिवस बसून आईला शिकवलं. त्यात ते एआय टाकलंय. एक बटन दाबायचं अन् आपल्या बोलीत बोलायचं, बाईच्या आवाजात उत्तर येतं. पहिल्या दिवशी आई त्याच्यापुढं डोक्यावर पदर घेऊन बसली. मी म्हनलं, आगं ती मानूस न्हाई. तर म्हनती, आवाज तर चांगल्या घरातल्या बाईचा हाय. दुसऱ्या दिवशी तिनं तुरीवरच्या आळीचं विचारलं. त्या बाईनं आधी उलट विचारलं, आळी कुठल्या रंगाची, शेंगेत शिरलीय का पानावर हाय. आई लई खूश. म्हनली, एवढं इच्यारून औषध देनारं मानूस मी अजून बघितलं न्हाई.

अण्णा गेल्यापासून ती घरात एकटी. तू नेवाशाला, मी जगाच्या टोकाला. आता तिला बोलायला कुनीतरी झालं. निदान दुपारभर त्या मालनबाईच्या ओट्यावर बसायची गरज उरली न्हाई. शेजारीन म्हनून ठीक हाय, पन तिच्या कानात पडलेलं संध्याकाळपातूर तिसगावच्या बाजारात पोचतं. मी शाळा सोडून पळालो तवा तिनंच गावभर केलं, अन् दोन दिवसांत मला नगरच्या स्टँडवरून धरून आनलं. ते मी इसरलो न्हाई.

आईनं चिचोंडीच्या स्थळाचं काढलंय. मुलगी पंकजा, बारावी झालेली. मी बघू म्हनलंय. तू जास्त ओढू नको.

आदिनाथ


नेवासा
१५ डिसेंबर २०२४

चि. आदिनाथ,

तुझं पत्र दाजींनी मोठ्याने वाचलं. सातवीच्या मानाने बरं लिहितोस म्हणाले.

मी परवा तिसगावला दोन दिवस राहून आले. तू दिलेल्या त्या फोनाने आईचं घरच बदललंय. काहीही निघालं की म्हणते, थांब, तिला विचारू. रेशनकार्डाचं अंगठ्याचं काम कुठे करायचं, तिला विचारू. भाकरीच्या पिठाला वास का येतोय, तिला विचारू. एक मात्र खरंच चांगलं झालं. बीपीच्या गोळीची चिठ्ठी तिने फोनला दाखवली, तर कळलं की जेवल्यावर घ्यायची गोळी आई वर्षभर उपाशीपोटी घेत होती. म्हणून सकाळी तिला मळमळायचं. आपण दोघांनी ती चिठ्ठी कितीदा हातात घेतली असेल, पण वाचली कुणी?

मालनबाई फुगून बसलीय. मला अंगणातच गाठून म्हणाली, "चांगुणा आता मोठ्या घरची झाली बाई. आमच्या ओट्याची पायरी तिला चढवत न्हाई." मी हसून सोडून दिलं. पण खरंय ते. दुपारी आई दार लोटून घेते आणि आत फोनशी हळू आवाजात बोलत बसते. काय बोलतेस विचारलं तर म्हणते, देवाधर्माचं विचारते. निघताना मला विचारत होती, ह्यात बोललेलं पुसायचं कसं. मी म्हटलं, पुसायचं कशाला, कोण बघायला बसलंय? म्हणाली, असू दे, उगीच विचारलं.

चिचोंडीचे पाहुणे येऊन गेले. मुलीचा मामा फार बारीक चौकशी करणारा. जमीन किती, पाणी किती, आणि घरात कुणाला काही मोठं दुखणं आहे का. आई म्हणाली, आमच्यात सर्दीसुद्धा कुणाला होत न्हाई. त्यांना घर आवडलंय. तीन वर्षांत हे पहिलं स्थळ, जे नुसतं पाणी पिऊन परत गेलं नाही. तू लाजून 'बघू बघू' करू नकोस. आईचा जीव त्यात अडकलाय.

तुझी ताई


कॅम्प
१२ जानेवारी २०२५

पूजाताई,

पत्र पोचलं. गोळीचं वाचून बरं वाटलं. मी फोन दिला ते वाया न्हाई गेलं.

इथं बी त्याचाच आधार हाय. माझ्या खोलीत पुणतांब्याचा मच्छिंद्र हाय, त्याच्याकडं टच मोबाईल हाय. बोगद्याच्या तोंडाशी इंग्रजीत नोटीस लावत्यात, सुरुंग कुठल्या वेळंला, कुठल्या बाजूला जायचं न्हाई. आधी आमी साहेबाला विचारायचो. साहेब म्हनायचा, वाचता येत न्हाई तर आलास कशाला. आता मच्छिंद्र फोटो काढतो, रविवारी बाजारात रेंज आली की फोन मराठीत सांगतो. एकदा त्यात निघालं की डाव्या फाट्यात धूर साचतो म्हनून अर्धा तास थांबायचं हाय. आमी महिनाभर धा मिनिटांत आत जात हुतो. ते कळल्यापासून सगळे थांबत्यात. एवढं तरी मानावं लागंल.

मच्छिंद्र बायकोला मेसेज बी त्याच्याकडूनच लिवून घेतो. परवा तिचं उत्तर आलं, "एवढं गोड बोलायला तुमी काय दारू पिलाव का?" खोलीभर हसलो.

मी पन त्याला एक-दोन गोष्टी विचारल्या. काय ते तुझ्याजवळ सांगन्यासारखं न्हाई.

ह्या बोगद्याचं काम संपलं की अरुणाचलात पुलाचं हाय, तिकडं जावं म्हनतो. एका जागी वर्ष झालं की माझ्या पायांना भिंगरी लागते, तुला ठाव हाय. आई फोनवर दर वेळी एकच म्हनती, माझी काळजी करू नको, फक्त तारीख काढू दे. आवाज चांगला हुता. तिला त्यात बरं वाटतंय तर चालू दे.

आदिनाथ


नेवासा
२३ मार्च २०२५

चि. आदिनाथ,

ह्यावेळी उशीर झाला. मढीच्या यात्रेला आईकडे गेले होते. दरवर्षी रंगपंचमीला तिचा पाय घरात टिकत नाही, तिसगावाहून मढी ती काय लांब. ह्यावेळी म्हणाली, तुम्ही जाऊन या, माझ्याच्यानं गर्दी सोसत न्हाई. वाळलीय ती. डावा हात अंगाला धरून चालते. कपाशी वेचून खांदा धरलाय म्हणते. अंगावर भरपूर घेर असलेला सदऱ्यासारखा ब्लाऊज, वर सारखा पदर. मी म्हटलं, उन्हाळ्यात एवढं कशाला गुंडाळून घेतेस? तर माझ्यावरच खेकसली.

मी माझ्या फोनवर विचारून पाहिलं. वेचणीने खांदा दुखतो, काय करावं. त्याने शेक आणि हाताचे तीन व्यायाम सांगितले. मी समोर बसून आईकडून ते करून घेतले. तिसऱ्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, थोडं सोसावं लागतं.

आता महत्त्वाचं. चिचोंडीच्या लोकांनी अक्षय्यतृतीयेला सुपारी फोडायची ठरवलंय, म्हणजे तीस एप्रिल. तू चार दिवसांसाठी तरी आलंच पाहिजेस. सुपारी झाली की मग मी नगरला जाऊन एकदा सगळं दाखवून घेते, असं आई आपणहून म्हणाली. ती कधी दवाखान्याचं नाव काढते का? मला बरंच वाटलं.

तुझी ताई


कॅम्प
१३ एप्रिल २०२५

पूजाताई,

साहेब रजा देत न्हाई. काम ऐन जोरात हाय म्हनतो. सुपारी मे महिन्याच्या शेवटाला ढकला. मी आईला फोनवर सांगितलं, ती म्हनली बरं.

खांद्याला तेल लाव म्हनावं.

आदिनाथ


नेवासा
२९ मे २०२५

आदिनाथ,

मेसच्या फोनवर तीनदा निरोप ठेवला. तू आत असतोस म्हणतात. म्हणून हे पत्रही टाकते, जे आधी पोचेल ते.

सोमवारी सकाळी आईचं अंगण झाडलेलं दिसलं नाही म्हणून मालनबाई न विचारता घरात शिरली. आई पाठमोरी बसून छातीवरचं फडकं बदलत होती. मालनबाईने ते पाहिलं आणि अशी ओरडली की गल्ली गोळा झाली. आई तिच्या तोंडावर हात दाबत होती, अगं लेकाचं मोडंल, गप. मालनबाईने तो हात झटकला. अर्ध्या तासात माझ्या सासरी फोन, गावात जीपला निरोप. ती घरातल्या साडीवर तशीच आईबरोबर नगरला जाऊन बसली. मी पोचले तेव्हा आईचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

डावीकडे गाठ होती, ती फुटलीय. हाडांत गेलंय. खांदा म्हणजे तेच होतं. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, पण त्यांनी एकच विचारलं, इतके महिने कुठे होता? आईने भिंतीकडे तोंड केलं.

मी तिला व्यायाम करायला लावले रे.

तू ये. रजा देवो न देवो.

पूजा


नेवासा
२४ ऑगस्ट २०२५

चि. आदिनाथ,

तेरावं झालं त्याच दिवशी तू निघालास. दीड महिना झाला, पत्र नाही. मी रागावले नाही. तू तिच्या उशाशी वीस दिवस बसलास ते मी पाहिलंय. पण जाताना माझ्याकडे बघितलंही नाहीस, ते का, कळलं नाही.

आईचा मोबाईल माझ्याकडे आहे. महिनाभर उघडला नाही. परवा उघडला. तिला पुसायला शिकवलं नव्हतं ना मी. सगळं तसंच आहे, तारखांसकट, ती बोललेलं अक्षरांत उतरलेलं. तुझ्यापासून लपवावं असं दोन दिवस वाटलं. पण लपवण्याचं आपल्या घरात पुष्कळ झालं. थोडं उतरवून पाठवते.

एकोणीस नोव्हेंबर. तू जाऊन पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. आई: "माझ्या शेजारणीला छातीत गाठ लागती. दुखत न्हाई. काय लावावं?" त्यावर फोनातली ती बाई: लावण्याने जाणारी गोष्ट नाही, दुखत नसली तरी डॉक्टरांना लवकर दाखवायला सांगा.

मग दोन दिवसांनी, बाई डॉक्टर असते का. तिने जिल्ह्याच्या दवाखान्याचं सांगितलं, बाई डॉक्टर मागून घेता येते, बरोबर एखादी बाई न्या.

आठ डिसेंबर. "शेजारीण न्हाई. मीच हाय."

मी गेले होते त्या दिवशी: "लेक आलीय, आज बोलत न्हाई." उत्तर: मुलीला सांगायला आज चांगली संधी आहे. मी तेव्हा बाहेर भांडी घासत होते, आदिनाथ.

जानेवारीत: "लेकाचं लगीन ठरंपातूर थांबलं तर चालंल का? आईला असलं दुखणं हाय कळलं की पाहुणे उठून जातील. परत कोन देईल पोरगी?" त्या बाईने थांबू नका म्हटलं. उपचार लवकर झाले तर बरं होण्याची शक्यता जास्त, असं अगदी सोप्या शब्दांत समजावलंय. कुणीही एवढं नीट समजावलं नसतं. मीही नाही.

फेब्रुवारीत: "तू कुनाला सांगनार न्हाईस ना?" ती म्हणाली, मी स्वतःहून कुणाला सांगू शकत नाही, पण तुम्ही विश्वासाच्या एका माणसाला तरी सांगा. आई: "मालनला सांगितलं आसतं तर गावभर झालं आसतं. तू बरी हायस."

आणि एप्रिलमध्ये, तुझा फोन झाला त्या दुपारी: "लेकाला रजा न्हाई मिळाली. अजून एक महिना काढायचा. आता पू येतो." त्या बाईने म्हटलं, आजच्या आज दवाखान्यात जा, मुलीला फोन करा. आई म्हणाली, "बघू. कांदा उघड्यावर हाय, उद्या पाऊस येईल का?"

आणि तिने हवामान सांगितलं. दुपारनंतर ढगाळ, कांदा झाकून ठेवा.

मी मोजलं. अकरा वेळा तिने डॉक्टरकडे जा म्हटलंय. एकदाही चुकीचं बोलली नाही, एकदाही कंटाळली नाही. खोटं बोलली असती तर मी तो फोन विहिरीत टाकला असता. दाजी म्हणतात, ह्यात फोनचा काय दोष, विचारलं त्याचं उत्तर दिलं. बरोबर आहे त्यांचं. मी खांद्याचं विचारलं, मला खांद्याचं मिळालं. पण मालनबाईने काय केलं? तिला कुणी काही विचारलंही नव्हतं. ती नुसती ओरडली. ते ओरडणं नोव्हेंबरात झालं असतं तर, हे माझ्या डोक्यातून जात नाही. आधी आई रोज दुपारी तिच्या ओट्यावर असायची. दोन दुपारींत मालनबाईने ओळखलं असतं.

असो. चिचोंडीचे लोक अजून तयार आहेत. मामाने कुरकुर केली, पण पंकजाच म्हणाली म्हणे, ज्या घरातली आई मुलासाठी एवढं करते तिथे मी जाते. आपल्यात वर्षाच्या आत लग्न झालं तर झालं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. दसऱ्यापर्यंत त्यांना हो कळवायचंय. आईने ज्याच्यासाठी हे सगळं सोसलं ते तरी पुरं होऊ दे. तू फक्त हो म्हण, बाकी मी बघते.

तुझी ताई


कॅम्प
१४ सप्टेंबर २०२५

पूजाताई,

तुझं पत्र आठ दिवस खिशात हाय. रोज बोगद्यात घेऊन जातो. कागद मऊ पडलाय.

तू मोजलं म्हनतीस. मी बी मोजतो. दिवाळीत चार दिवस मी आईजवळ बसून बटन कुठलं दाबायचं ते शिकवलं. तवा बी गाठ तिथंच आसनार. मी तिचा हात धरून बटनावर ठेवत हुतो अन् मला वाटत हुतं मी लई मोठं काम करतोय. तिला कुनीतरी दिलं म्हनत हुतो. मला स्वतःला निघायचं हुतं, म्हनून दिलं.

आता जे सांगतो ते मी कुनाला सांगितलेलं न्हाई. म्हंजे, मानसाला न्हाई.

एप्रिलात साहेबानं रजा नाकारली न्हाई. मी मागितलीच न्हाई.

मला लगीन करायचं न्हाई, ताई. चिचोंडीची मुलगी वाईट म्हनून न्हाई. मला कुनाचंच घर चालवायचं न्हाई. तिसगावला परत येऊन तूर अन् कांदा करायचा न्हाई. इथून अरुणाचल, तिथून आनखी कुठं. हे आईला कसं सांगायचं ते मी जानेवारीत मच्छिंद्राच्या फोनवर विचारलं. तुला सांगन्यासारखं न्हाई म्हनलं हुतं ते हेच. फोन म्हनला, आईला खरं सांगा, उशीर करू नका, तिनं तयारी करायच्या आधी सांगा. एवढंच न्हाई, आईला काय बोलायचं ते लिवून बी दिलं. लई चांगलं लिवलं हुतं. वाचून मला रडू आलं. मी ते माझ्या हातानं कागदावर उतरवून घेतलं अन् गादीखाली ठेवलं.

अन् त्या रातीपासून मला झोप लागायला लागली. एवढंच झालं. सांगून टाकल्यासारखं वाटलं. ज्याला सांगायचं हुतं तिला एक अक्षर बी कळलं न्हाई, अन् माझं मन मोकळं. फेब्रुवारीत परत विचारलं. मार्चात परत. दर बारीला फोन न कंटाळता तेच म्हनला, सांगा. दर बारीला मला हलकं वाटलं अन् मी न्हाई सांगितलं.

आईचं बी तसंच झालं आसंल. दुपारी दार लोटून सांगायची अन् मग उठून भाकरी थापायची.

ती माझ्या लग्नासाठी थांबली. मी लगीन नको म्हनून रजा मागितली न्हाई. एका महिन्यानं काही फरक पडला आसता का, ते मी नगरला डॉक्टरीनबाईंना विचारलं. त्या म्हनल्या, नोव्हेंबरात पडला आसता, एप्रिलात सांगता येत न्हाई. 'सांगता येत न्हाई' एवढंच हातात घेऊन मी परत आलो. म्हनून निघताना तुझ्याकडं बघितलं न्हाई.

दाजी म्हनतात फोनचा दोष न्हाई, ते मला पटतं. आमच्या इथं त्यानं मानसं वाचवली आसतील, ते बी खरं. मी अजून नोटीस त्याच्याकडूनच वाचून घेतो. पन माझ्यापुरतं सांगतो. पोटात काही आलं की पयल्यांदा मानसाच्या तोंडावर टाकायचं, मग ते मानूस ओरडू दे, गावभर करू दे, न्हाई तर तोंड फिरवू दे. हे कळायला आईचा जीव गेला, अन् कळून तिच्या काही उपयोगाचं न्हाई.

चिचोंडीला न्हाई म्हनून कळव. तुला लाज वाटत आसंल तर मी त्यांच्या मामाला स्वतः पत्र लिवतो. पंकजाला म्हनावं, माझ्या आईसाठी हो म्हनू नको. आईनं सोसलं ते पुरं करन्यासाठी मी हो म्हनलो तर त्या पोरीच्या घरात बी हेच चालू व्हईल, दोघं दोन फोनांत तोंड घालून.

हे पत्र मी कुठल्या फोनला दाखवलेलं न्हाई. कसं लिवलंय त्यावरून तुला दिसंलच. तू हे वाचून काय करशील ते मला ठाव न्हाई. पत्र फाडशील, दाजींना दाखवशील, मालनबाईच्या ओट्यावर जाऊन मोठ्यानं रडशील. माझ्याशी वर्षभर बोलू नकोस, पन आधी एकदा मला लिव, काय वाटलं ते जसंच्या तसं. शिव्या घाल. तीन महिने त्या फोननं माझं सगळं ऐकून घेतलं, ताई, पन त्याला माझा एकदा बी राग आला न्हाई.

आदिनाथ